मुंढ्याखालचं पाणी

सुनेने पट्टीचा शेवटचा वेढा सोडवला आणि तिचा हात थांबला.

"काय गं?" सासूबाईंनी विचारलं. त्या पलंगाच्या कडेला पाठ ताठ ठेवून, खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या.

"आई, हे कालच्यापेक्षा वाढलंय."

"काल कुठे होतं?"

"होतं. तुम्ही म्हणालात, पट्टीचा वळ आहे."

उजव्या बाजूला, जिथे स्तन होता तिथे, आता टाक्यांची एक लांब सरळ रेघ होती. ती रेघ सासूबाईंना पहिल्या दिवसापासून आवडली होती. शुद्धीवर आल्या आल्या त्यांनी डॉक्टरीणबाईंना सांगितलं होतं, "हात चांगला आहे तुमचा. टाका एकसारखा पडलाय." पण रेघ जिथे काखेकडे वळत होती, तिथे आता मुठीएवढा फुगवटा आला होता. या शिंप्यांच्या घरात काखेला कुणी काख म्हणत नसे, मुंढा म्हणत. कोटाचा असो की माणसाचा, शब्द एकच. सुनेने मुंढ्याखाली दोन बोटं अलगद टेकवली. फुगवटा बोटांखालून सरकला आणि परत आला, गरम पाण्याच्या रबरी पिशवीवर हात ठेवावा तसा.

"दुखतंय?"

"छे. तिथे काही कळतच नाही मला. चालताना डचमळतं, एवढंच. बांध घट्ट."

"आई, डॉक्टरांना दाखवू या."

"दाखवू. छोटीचा झगा कापून होऊ दे, मग काय दाखवायचं ते दाखव." मग सासूबाईंनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "खाली कुणाला बोलायचं नाही. आक्का येणार आहेत जेवायला. त्यांच्या कानावर गेलं, तर माझ्या तेराव्याची तयारी सुरू करतील."

सुनेने पट्टी बांधली. खाली दुकानात, कटिंगच्या टेबलाखाली, तिने काल एक जुनी चादर पाहिली होती. झग्याच्या आकारात कापलेली. कुणाला बोलायचं नाही म्हणून तीही घडी घालून, कापडांच्या ढिगाखाली सरकवलेली. शस्त्रक्रियेनंतर काखेत घातलेली नळी निघून जेमतेम आठवडा झाला होता, आणि सासूबाई दुकानातली भली मोठी कात्री घेऊन हात आजमावत होत्या.

त्यांना राहवत नव्हतं, हे सुनेलाही कळत होतं. तीन पिढ्या या घराने दुसऱ्यांसाठी कोट शिवले होते. वकिलांचे, प्राध्यापकांचे, नवरदेवांचे, आणि न्यायाधीशांचे काळे झगे तर किती. आता धाकटी लेक, घरातली छोटी, पुढच्या पंधरवड्यात न्यायाधीशपदाची शपथ घेणार होती. तिचा झगा आईने कापायचा, यावर कधी चर्चासुद्धा झाली नव्हती. सूर्य कुठून उगवणार यावर कुणी चर्चा करत नाही.

*

जेवणाच्या टेबलाशी सासऱ्यांना, सगळ्यांच्या बाबांना, नेहमीची, भिंतीकडची खुर्ची मिळाली. दुकानाच्या गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकाला बोलण्यात गुंतवावं ते बाबांनीच. पण सुई ओवायची म्हटलं, की त्यांना चष्मा आणि बायको दोन्ही लागत. म्हणून तर त्यांच्या वडिलांनी, थोरल्या मास्तरांनी, म्हातारपणी आपली कात्री मुलाच्या हाती न देता सुनेच्या, म्हणजे आईंच्या, हाती दिली होती. मुलाला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते मुलीला.

ती मुलगी म्हणजे आक्का. ती आत्ता बाबांच्या समोर बसली होती. वडिलांच्या टेबलाशी उभं राहून लहानपणापासून शिकलेली. कात्री भावजयीला मिळाली, त्याच महिन्यात ती चौकातल्या मोठ्या दुकानात कटर म्हणून लागली आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिली. माहेरी यायची ती जेवायला, शिवणीतल्या चुका काढायला आणि भाचीचे लाड करायला.

"खांदे मोकळे ठेव हं झग्याचे," आक्का म्हणाली. "छोटीचा उजवा खांदा उतरता आहे. इतकी वर्षं वकिली करून फायली उचलल्यात तिने."

"मला माहीत आहे, आक्का. मीच जन्म दिलाय तिला," आई म्हणाल्या.

छोटी हसली. "कोर्टात तरी दोन्ही बाजू ऐकतात. इथे माझ्याच खांद्याबद्दल मला विचारत नाहीत."

सगळे हसले. सून हसली नाही. तिने हातातला चमचा खाली ठेवला.

"आईंच्या टाक्यांजवळ सूज आलीये," ती म्हणाली. "मोठी आहे. आज दवाखान्यात गेलंच पाहिजे."

बाबांनी बायकोकडे पाहिलं. ती ताटातल्या घासाकडे बघत होती.

"परत आलं," आक्का पुटपुटली. तिचा चेहरा एकदम पांढरा पडला. "परत आलं ते."

"तुला कधीपासून माहीत होतं?" थोरल्या मुलाने बायकोवर आवाज चढवला. "सकाळपासून? आणि तू आत्ता, जेवताना सांगतेस?"

"दादा, वहिनीला का विचारतोस?" छोटी म्हणाली. "आईला विचार."

"आईला काय विचारायचं? पट्टी ही बदलते!"

"मीच सांगितलं होतं तिला, गप्प बस म्हणून," आई म्हणाल्या. त्यांचा आवाज शांत होता आणि नजर सुनेवर रोखलेली होती. "सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं," सून म्हणाली. तिची नजर हलली नाही. "या घरात आल्यापासून तुमचं सगळं ऐकलं, आई. काज कसं करायचं, अस्तर कसं लावायचं, सगळं. हे नाही ऐकणार. तुम्ही रागवा, बोलू नका माझ्याशी, पण गाडी मी बोलावलीये."

बाबा घाबरले होते. आणि तरीही, त्या भीतीतच, त्यांना वेगळंच काही आठवलं. अशीच न हलणारी नजर. त्यांच्या वडिलांसमोर उभं राहून एक नवी सून म्हणाली होती, तुम्ही खांदा चुकीचा कापलाय, मास्तर. त्या दिवशी संध्याकाळी वडिलांनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, बाळा, तुझी बायको जपून ठेव.

"मी शपथ पुढे ढकलायची विनंती करते," छोटी म्हणाली. "महिनाभर. समजून घेतील ते."

"खबरदार!" आईंचा पंजा टेबलावर पडला. डावा पंजा. "तुझ्या शपथेची तारीख माझ्या मुंढ्यावर ठरणार नाही. ऊठ गं," त्या सुनेला म्हणाल्या, "बोलावलीयेस ना गाडी? चल मग. चप्पल दे माझी."

"मी पण येते," आक्का म्हणाली. ती आधीच उभी राहिली होती.

"तुम्ही कशाला?"

"येते म्हटलं ना."

*

डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडली, दोन्ही हातांनी फुगवटा दाबून पाहिला, मग समोर ओळीने उभ्या असलेल्या तिघींची तोंडं पाहिली.

"तुम्ही काय ठरवून आला आहात ते दिसतंय मला," त्या म्हणाल्या. "तसं काही नाही. पाणी आहे हे."

"पाणी?" आक्काने विचारलं.

"शरीरातलंच. आम्ही स्तन काढला, काखेतल्या ग्रंथी काढल्या. आत पोकळी राहिली. शरीर अशा पोकळीत पाणी भरतं. नळी होती तोवर ते बाहेर येत होतं, आता आत साठतंय. बऱ्याच जणींना होतं. कॅन्सर परत आला असा याचा अर्थ नाही."

आई एवढा वेळ छताकडे बघत पडल्या होत्या. आता त्यांनी मोठा श्वास सोडला. आपण तो कधीपासून धरून ठेवला होता, ते त्यांचं त्यांनाच माहीत नव्हतं.

"म्हणजे अस्तर कापडाला धरलं नाही अजून," त्या म्हणाल्या.

डॉक्टरीणबाई हसल्या. "अगदी तसंच. धरेल, पण त्याला स्वस्थ पडू द्यायला हवं. काय केलंत हाताने? मी सांगितलेले व्यायाम सोडून?"

आईंनी परत छताकडे पाहिलं, मग सुनेकडे. आपण बोलायचं तेवढं आज बोलून झालंय, असं तिच्या चेहऱ्यावर होतं.

"कात्री चालवली असणार," आक्का म्हणाली. "दुसरं काय करणार ती?"

"केवढी कात्री?"

आक्काने कोपरापासून मनगटापर्यंतचं अंतर दाखवलं. डॉक्टरीणबाईंनी भुवया उंचावल्या.

"त्यानेच झालं असं म्हणता येणार नाही. काही न करताही होतं. पण ती कात्री आता बंद. साधे व्यायाम करा, भांगही पाडा. जड काम नको, एकच हालचाल सारखी सारखी नको."

"कधीपर्यंत?"

"काही आठवडे तरी."

"माझ्या मुलीची शपथ पुढच्या पंधरवड्यात आहे."

"मग टाळ्या वाजवायला जा. कापायला दुसरं कुणी शोधा."

सुई मोठी होती, पण तिथली कातडी बधिरच होती. आईंना नुसता दाब कळला. पिचकारीत फिकट पिवळं पाणी चढू लागलं. एक पिचकारी भरली, दुसरी लावली. एवढं आपल्या अंगात होतं? आई मान वाकडी करून बघत राहिल्या. त्यांना घाण वाटली नाही, भीतीही वाटली नाही. रागच आला थोडा, न विचारता घरात येऊन बसलेल्या पाहुण्याचा यावा तसा.

त्यांचा डावा हात कुणीतरी घट्ट धरला होता. त्यांना वाटलं सून असेल. पण सून पायाशी उभी होती. हात आक्काने धरला होता आणि तोंड भिंतीकडे केलं होतं.

"आक्का, मला दुखत नाहीये. तुम्हीच दाबताय हात."

आक्काने हात सोडला नाही. "आमच्या आईला असंच आलं होतं," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "मुंढ्याखाली. तिचं पाणी नव्हतं. कुणाला सांगितलं नाही तिने. मला फक्त म्हणायची, बाही काचते गं, जरा उसव. मी उसवायचे. मग परत काचायची, परत उसवायचे. मी परकरी पोर होते, मला वाटायचं मला शिवण शिकवतेय ती. आमच्या वडिलांनी कधी विचारलं नाही. त्या बाहीला उसवायला शिलाई उरली नाही तेव्हा सगळ्यांना कळलं."

इतकी वर्षं एका घरात ये-जा असूनही हे आईंना माहीत नव्हतं. नवऱ्यालाही माहीत नसणार. तो तेव्हा पाळण्यात होता.

"म्हणून आज तुझ्या सुनेने तोंड उघडलं ना," आक्का म्हणाली, "तेव्हा मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. माझ्याहून लहान आहे म्हणून राहिलं."

पायाशी उभी असलेली सून खिडकीकडे वळली आणि उगाचच पडदा सारखा करू लागली.

"परत भरेल का हे?" आईंनी डॉक्टरीणबाईंना विचारलं.

"भरू शकतं. भरलं तर परत काढू. हळूहळू कमी होत जाईल. लाल झालं, दुखायला लागलं किंवा ताप आला, तर मात्र अर्धा दिवससुद्धा थांबायचं नाही. आणि लपवायचं तर अजिबात नाही."

"आमच्या घरात आता ती सोय राहिली नाही," आई म्हणाल्या.

*

घरी परतल्या तेव्हा दुकानातल्या उंच खिडक्यांतून दुपारचं ऊन आत आलं होतं. बाबा, थोरला आणि छोटी कटिंगच्या टेबलाभोवती उभे होते. पाणी आहे, नुसतं पाणी, हे कळल्यावर बाबा तिथल्या स्टुलावर मटकन बसले आणि पाणी हा शब्द आपल्याला एवढा कधीच आवडला नव्हता म्हणाले.

मग झग्याचा प्रश्न निघाला.

"तयार मिळतो की," थोरला म्हणाला. "चौकातल्या दुकानात..."

बाबांनी मुलाकडे असं पाहिलं, की त्याने वाक्य तिथेच सोडून दिलं.

"या चार भिंतींत 'तयार' हा शब्द थोरल्या मास्तरांनी ऐकला असता," बाबा म्हणाले, "तर तुला आजोबा उरले नसते आणि त्यांना नातू."

आक्का दाराशीच उभी होती. आत, टेबलापर्यंत, ती वडील गेल्यापासून आली नव्हती. तिने पाहिलं, की काळ्या कापडाचा तागा उघडून ठेवलाय आणि सुनेचे डोळे त्याच्यावर आहेत. साहजिक होतं. पोरगी मशीनवर चांगली होती, आज धीटपणाही दाखवला होता. भावजय आता कात्री तिच्या हातात देणार. दिलीच पाहिजे. आक्काने पर्स उचलली.

"आक्का, निघालात कुठे?" भावजयीने डाव्या हाताने कात्री उचलली होती. तिच्या वजनाने मनगट खाली झुकत होतं. "झगा तुम्ही कापायचा."

आक्काच्या तोंडून शब्द फुटला तो तिखट.

"तुझ्या हाताखाली काम करायला मी आले नाही इथे."

"हाताखाली नाही, आक्का. हाताच्या जागी."

"तुझी सून आहे की."

"तिने अजून काळं कापड कापलेलं नाही. काळ्या कापडावर खडू दिसतो पण चूक दिसत नाही, ती घातल्यावर दिसते. मास्तरांचा काळ्या कापडावरचा हात तुमच्याकडे आहे. माझ्याकडे नाही. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

"तेव्हा बोलली असतीस."

"तेव्हा मला कात्री हवी होती," भावजय म्हणाली.

आक्का तिच्याकडे बघत राहिली. मग तिला हसू आलं. नको असताना आलं, पोटातून आलं आणि थांबेना. इतक्या वर्षांत या बाईने तिला दिलेलं हे पहिलं सरळ उत्तर होतं. तिने पर्स स्टुलावर बसलेल्या भावाच्या मांडीवर टाकली आणि हात पुढे केला.

कात्री हातात आली. दांड्याची एक बाजू वडिलांच्या अंगठ्याने झिजली होती, दुसरी भावजयीच्या.

सून टेबलापासून दोन पावलं मागे सरकली होती. ओठ दाबून धरलेले, चेहरा हसरा ठेवण्याची खटपट चाललेली. आक्काने तो चेहरा लगेच ओळखला. कधीकाळी तो तिचाच होता.

"तू कुठे चाललीस?" आक्काने दरडावलं. "समोर ये. कापडाचं टोक धर. ओढू नको, नुसतं धर. आणि माझ्या हाताकडे नको बघू, कात्रीच्या पुढे बघ. जिथे जायचंय तिथे. मी काही तुझ्या सासूसारखी नाही, एकदाच सांगेन. आणि तुझ्या सासूसाठी एक कोट लागेल शपथेला. तो तू कापायचास. मी बोट लावणार नाही."

"मी?" सून म्हणाली.

"मग काय मी दोन-दोन कापू, या वयात?"

छोटी हात पसरून मापाला उभी राहिली. आईंनी टेप लावायचा, आक्काने ऐकायचं. उजव्या खांद्यावरून दोघींची जुंपलीच. उतार किती धरायचा यावर आवाज इतके चढले, की रस्त्यावरून जाणारा एक गृहस्थ आत डोकावला. बाबांनी त्याला हात केला.

"आत या, आत या. भांडण नाही, माप चाललंय. आमची मुलगी न्यायाधीश होतेय."

*

पाणी पुन्हा भरलं. पुन्हा काढलं. तिसऱ्या खेपेला पिचकारी अर्ध्यावरच थांबली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी ती उजेडात धरून दाखवली आणि आईंनी शाळेतल्या मुलीसारखी मान डोलावली. पुढची औषधं अजून सुरू व्हायची होती. ती सोपी नसणार, हे सगळ्यांना माहीत होतं. पण ते नंतरचं.

शपथेच्या आधी सुनेने कोटाचं माप घेताना विचारलं होतं, "आई, उजव्या बाजूला आतून भर घालू का थोडी? कापसाची? दिसणार नाही मग."

"काय दिसणार नाही?"

सून टेपचं टोक बोटाभोवती गुंडाळू लागली.

"जे माप आहे ते घे," आई म्हणाल्या. "आपण गिऱ्हाइकाला कधी खोटं माप लावलंय?"

तिने तसंच घेतलं. डावी बाजू भरलेली, उजवी सपाट, आणि दोन्हीकडे कापड असं बसलेलं, की कुठे चुणी नाही, कुठे ओढ नाही. मुंढ्याखाली पट्टीपुरती जागा. असा कोट या दुकानात याआधी कुणी कापला नव्हता, थोरल्या मास्तरांनीसुद्धा नाही. आक्काने तो उलटा करून, शिवण शिवण तपासून, सुनेला परत दिला. एकही चूक काढली नाही. सुनेने ती गोष्ट माहेरी फोन करून कळवली.

सभागृहात पहिल्या रांगेत आई तो कोट घालून बसल्या. येणारे-जाणारे नमस्कार करत होते, काहींची नजर कोटाच्या उजव्या बाजूला अडखळत होती. आई ती नजर परत वर, आपल्या डोळ्यांपर्यंत येईस्तोवर थांबत आणि मग म्हणत, "सुनेने कापलाय. छान झालाय ना?" पलीकडच्या खुर्चीपाशी सून लाजून नवऱ्याच्या मागे सरकत होती, आणि नवरा बाजूला होऊन तिला पुढे करत होता. बाबा तर अनोळखी लोकांनाही जागा दाखवत फिरत होते, सभागृह आपलंच असल्यासारखे.

मग सगळे उभे राहिले.

छोटी मंचावर आली. काळा झगा तिच्याबरोबर चालत आला, तिच्यापुढेही नाही आणि मागेही नाही. उतरता खांदा कुठे गेला, कळलंसुद्धा नाही. आई झगा बघायला गेल्या आणि पाहता पाहता तो विसरल्या. त्यांना नुसती मुलगी दिसली. हिला आपण दुकानाच्या पायरीवर अभ्यासाला बसवायचो. गिऱ्हाइकं तिला ओलांडून जायची.

छोटीने शपथेचा कागद समोर धरला. आवाज स्वच्छ होता, घाई नव्हती.

शेजारी आक्का डोळे बारीक करून मंचाकडे बघत होती. ती आईंच्या कानाशी झुकली.

"बाही बोटभर लांब झाली गं माझ्याकडून."

आईंनी लेकीवरची नजर काढली नाही.

"असू द्या, आक्का," त्या म्हणाल्या. "वाढेल ती अजून."